आयसोमर नव्हे, पाणी

आमच्या प्रयोगशाळेत एक वाक्य सगळ्यांना तोंडपाठ होतं. इन्फ्रारेडच्या आलेखात ३४०० च्या आसपास रुंद खड्डा दिसला, की त्याखाली लिहायचं : हा पोटॅशियम ब्रोमाइडमधला दमटपणा आहे. तपासायचा पदार्थ पोटॅशियम ब्रोमाइडच्या पांढऱ्या पुडीत घोटून त्याची पातळ चकती दाबायची, आणि त्या चकतीतून किरण सोडायचे, अशी ती पद्धत. पाणी असलं की आलेखात तो खड्डा पडतो. ती पूड हवेतलं पाणी ओढून घेते, आणि वसईच्या हवेत ओढून घ्यायला पाण्याची कधीच कमतरता नसते. आमच्या घरी पापड डब्यात मऊ पडायचे, मीठ बरणीला धरून बसायचं, काडेपेटी चुलीच्या उबेला ठेवावी लागायची. त्यामुळे तो खड्डा कुणी बघत नसे. असायचाच तो. आमच्याच नव्हे, समुद्राकाठच्या बहुतेक प्रयोगशाळांतून निघालेल्या निबंधांत हे वाक्य सापडेल. पाणी सगळीकडे आहे, म्हणून पाण्याकडे बघायचं नाही, अशी ती सवय.

ही गोष्ट त्या सवयीची आहे, आणि तिच्यामुळे मला आलेल्या रागाची. तो राग अजून गेलेला नाही. जावा असंही मला वाटत नाही.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. एम.एस्सी. करून मी वसईतल्याच एका कॉलेजात अकार्बनी रसायनशास्त्रात पीएच.डी.साठी नाव नोंदवलं होतं. आमचं घर किनाऱ्याकडच्या पट्ट्यात, मागे वाडी, केळी आणि पानवेल. वडील बँकेत. शाळा मात्र कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझं इंग्रजी विभागात सगळ्यांत चांगलं समजलं जायचं. मी फारशी बोलत नसे. पण विभागातून बाहेर जाणारा प्रत्येक निबंध आधी माझ्या टेबलावर यायचा. "जरा इंग्लिश बघ," असं म्हणत माझे गाइड सर कागद ठेवून जायचे. मी क्रियापदं जुळवायची, स्वल्पविराम टाकायची. निबंधात काय म्हटलंय ते मला कळतंय का, हे कुणी विचारत नसे. आज हे मी मराठीत लिहिते आहे, कारण इंग्रजीत मी फार काळ दुसऱ्यांचंच लिहिलं.

सरांचे गाइड मुंबईला होते. विभागात त्यांना मोठे सर म्हणत. आमच्याकडे ते व्याख्यानाला येणार होते, नुकत्याच छापून आलेल्या त्यांच्या निबंधावर. सरांनी आठवडाभर आधीपासून तयारी लावली. शाल, श्रीफळ, आणि मला सांगितलं, "तुमच्या घरची सुकेळी आण. सरांना वसईची सुकेळी फार आवडतात." मी आणली, वाडीतल्या केळ्यांची उन्हात वाळवलेली. मग त्यांनी चिठ्ठ्या वाटल्या. मागच्या पाहुण्यांच्या व्याख्यानानंतर सभागृहात एकानेही प्रश्न विचारला नव्हता, आणि विभागाची शोभा झाली होती. म्हणून आता प्रश्न आधीच ठरवून, लिहून, ज्याच्या त्याच्या हातात.

"हा तुझा," सर मला म्हणाले. "तुझे उच्चार चांगले आहेत, ऐकायला बरं वाटेल."

माझी मैत्रीण पाचूबंदरहून यायची. माझ्याच टेबलावर काम करायची आणि माझ्या वाटचंही बोलून घ्यायची. तिने माझी चिठ्ठी ओढून वाचली.

"या कामाची पुढची दिशा काय? अगं, माझ्याही चिठ्ठीत दिशाच आहे! एकच दिशा दोघींना वाटलीय."

"तू आधी विचार, मग मला विचारावं लागणार नाही."

"नको गं बाय. माझे उच्चार ऐकायला बरे नाहीत."

मोठ्या सरांनी चांगलं व्याख्यान दिलं, हे मला कबूल केलं पाहिजे. आवाज सुंदर, फळ्यावरचं अक्षर सुंदर. त्यांनी कोबाल्टचं एक संयुग बनवलं होतं. ते कधी निळं मिळायचं, कधी गुलाबी. दोन्हींचं पृथक्करण करून घेतलं, तर मूलद्रव्यांचं प्रमाण दोन्हींत सारखंच आलं. म्हणून त्यांचा निष्कर्ष असा की हे आयसोमर आहेत : अणू तेच, तेवढेच, फक्त मांडणी वेगळी. निळ्यात सुटे सुटे रेणू, गुलाबीत त्यांची साखळी. असं एक जुनं उदाहरण पाठ्यपुस्तकात आहेच, त्यामुळे कुणाला काही खटकलं नाही.

मला खटकलं ते पडद्यावरच्या आलेखांमुळे. वरचा आलेख निळ्याचा, खालचा गुलाबीचा. खालच्यात ३४०० ला खड्डा, आणि त्याखाली ते पाठ असलेलं वाक्य. वरच्यात खड्डाच नव्हता.

माझी पाळी आली. मी उभी राहिले, चिठ्ठीतला प्रश्न वाचला. उत्तर मिळालं. खाली बसायचं होतं. पण मी बसले नाही. माझाच आवाज मला दुरून आल्यासारखा ऐकू आला.

"सर, अजून एक. खड्डा पुडीतल्या दमटपणामुळे असेल, तर निळ्याच्या चकतीतही तीच पूड आहे. मग तिथे तो का नाही?"

मोठे सर क्षणभर पडद्याकडे वळून बघत राहिले. मग प्रेमळ हसले.

"बेटा, तू राहतेस कुठे?"

"इथेच, सर. वसईत."

"मग! वसईत राहून दमटपणा काय ते मला विचारतेस?"

सभागृह हसलं. माझे सर सगळ्यांत मोठ्याने. "व्हेरी गुड क्वेश्चन," मोठे सर म्हणाले, आणि चहा आला. प्रश्नाचं उत्तर चहाबरोबर संपलं. मी शाल-श्रीफळाच्या टेबलामागे उभी राहून कप धरला होता, आणि माझ्या कानशिलांत जे तापत होतं त्याला लाज समजत होते. ती लाज नव्हती.

पुढच्या आठवड्यात मी ते संयुग बनवायला घेतलं. कृती निबंधात होतीच. निळं झालं. काचेच्या बशीत उघडं ठेवलं, तर डबा खाऊन येईपर्यंत कडा गुलाबी होऊ लागल्या आणि संध्याकाळपर्यंत सगळं गुलाबी. वजन वाढलेलं. ओव्हनमध्ये तापवलं, पुन्हा निळं, वजन पुन्हा होतं तेवढं. वाढलेलं वजन संयुगाच्या दर रेणूमागे पाण्याच्या बरोबर दोन रेणूंचं. मग मुंबईला इन्फ्रारेडला नमुने दिले, पण या वेळी पोटॅशियम ब्रोमाइड अजिबात न वापरता, तेलात खलून. पुडीला दोष द्यायला पूडच नव्हती. गुलाबीत खड्डा होता तिथेच होता.

मैत्रिणीने बशीकडे बोट दाखवलं. "सिलिका जेल करतं तेच की हे! निळं, पानी लागलं की गुलाबी. एवढं तर आपण बी.एस्सी.ला ओव्हनमध्ये भाजलंय."

तोच तर राग होता. डेसिकेटरच्या, म्हणजे नमुने कोरडे ठेवायच्या काचेच्या भांड्याच्या, तळाशी सिलिका जेलचे जे निळे-गुलाबी खडे आम्ही वर्षानुवर्षं भाजत आलो, त्यांचाही रंग कोबाल्टचाच. देशातल्या प्रत्येक प्रयोगशाळेत ते होते. ते बघत बघतच हा निबंध लिहिला गेला, तपासला गेला, छापला गेला.

पृथक्करणात प्रमाण सारखं का आलं, तेही मला नंतर कळलं. पृथक्करण करणाऱ्या प्रयोगशाळा नमुना आधी निर्वात पोकळीत वाळवून घेतात. तिथली ती रीतच आहे, आणि चांगली रीत आहे. गुलाबी म्हणून पाठवलेलं संयुग तिथे वाळून निळं झालं, आणि दोनदा निळ्याचंच पृथक्करण झालं. कुणी लबाडी केली नव्हती. कुणी फक्त विचारलं नव्हतं. अशा चुकीचा मला राग नाही. अशा चुका माझ्याही हातून झाल्या आहेत आणि होतील.

सरांना मी ओव्हनपाशी बोलावलं. त्यांनी स्वतः बशी आत ठेवली, स्वतः बाहेर काढली. रंग पालटलेला बघून ते एखाद्या मुलासारखे हसले. "च्यायला! पाणी!" मग जीभ चावली. त्या दिवशीचे सर मला खरोखर आवडले होते, म्हणून पुढचं सगळं जास्त लागलं.

"लिहून काढ," ते म्हणाले. "त्याच जर्नलला कमेंट पाठवू. काम तुझं, नाव तुझं आधी."

मी दोन पानं लिहिली. इतकं जपून मी कधीच लिहिलं नव्हतं. लेखकांबद्दल एक वावगा शब्द नाही. पृथक्करणाच्या रीतीमुळे असा गैरसमज सहज होऊ शकतो, असंही मीच घातलं. सरांनी वाचलं, मान डोलावली, आणि कागद पाकिटात घालताना म्हणाले, "आधी मोठ्या सरांना दाखवू. आपल्यात पद्धत आहे. घरातलं भांडण आधी घरात."

"सर, हे भांडण नाही."

"म्हणूनच म्हणतो. मग दाखवायला काय हरकत?"

हरकत काय, हे मला तेव्हा शब्दांत सांगता आलं नाही. पाकीट मुंबईला गेलं. पावसाळा गेला. मी विचारलं की सर म्हणायचे, "ते व्यग्र आहेत, आठवण करायला बरं दिसत नाही."

दिवाळीनंतर सरांनी माझ्या टेबलावर एक हस्तलिखित ठेवलं. "मोठ्या सरांचं आहे. छोटंसंच. जरा इंग्लिश बघ."

मी पेन्सिल घेऊन वाचू लागले. दुसऱ्या परिच्छेदावर माझी पेन्सिल थांबली. ओव्हन होता. बशी होती. तेलात खललेला नमुना होता. पृथक्करणाआधी वाळवण्याबद्दलचं माझं वाक्य होतं, त्यातल्या माझ्या स्वल्पविरामासकट. सुरुवात अशी की, आमच्या पूर्वीच्या अभ्यासाच्या ओघात आम्हांला असं आढळून आलं. वर मोठ्या सरांचं नाव, त्यांच्या विद्यार्थ्याचं, आणि शेवटी आमच्या सरांचं. तळाला आभार : भाषा तपासल्याबद्दल. तिथे मी होते.

आणि चूक? चूक मागे घेतलीच नव्हती. गुलाबीला आता 'जलयुक्त आयसोमर' म्हटलं होतं. रसायन न शिकलेल्यांसाठी सांगते. एका डब्यात पाच लाडू, दुसऱ्या डब्यात पाच लाडू आणि दोन करंज्या. दोन्ही डब्यांत ऐवज तोच, फक्त रचना वेगळी, असं कुणी म्हणेल का? जलयुक्त आयसोमर म्हणजे तसं म्हणणं. पाणी आहे हे मान्य, पण आमचा शब्दही खरा. म्हणजे पहिला निबंध चुकीचा, आणि त्या चुकीतून दुसरा निबंध पैदा. त्यांच्या निबंधांच्या यादीत दोन.

मी सरांच्या खोलीत गेले. ते टपाल बघत होते.

"झालं इतक्यात?"

"इंग्रजी बरोबरच आहे, सर. माझंच आहे."

त्यांनी वर बघितलं नाही. "तुझा उल्लेख केलाय त्यांनी. आभारात."

"भाषेसाठी."

"अगं, पहिल्याच वर्षाला असताना एवढ्या मोठ्या माणसाच्या निबंधात नाव येतं, हे थोडं आहे का?"

"कमेंट पाठवायचं ठरलं होतं. माझं नाव आधी, तुम्हीच म्हणालात."

"ठरलं होतं तेव्हा ठरलं होतं. हे बघ, शेवटी सत्य बाहेर आलं ना? पाणी आहे हे छापून येतंय ना? मग ते कुणी म्हटलं याला विज्ञानात महत्त्व नसतं."

"मग माझं नाव घातलं तरी चालेल."

सर गप्प झाले. ज्याला महत्त्व नसतं त्यासाठी माणसं किती गप्प बसू शकतात, ते मी त्या खोलीत पाहिलं.

"आणि तो शब्द, सर. जलयुक्त आयसोमर. तुम्हांला माहीत आहे तो चुकीचा आहे. तुम्ही स्वतः बशी आत ठेवलीत."

"शब्दाचं काय एवढं? म्हाताऱ्या माणसाला थोडी जागा द्यायची असते."

मी हस्तलिखित त्यांच्या टेबलावर ठेवलं, एकही दुरुस्ती न करता. माझी दोन पानं पुन्हा टाइप करून आणली, सरांचं नाव काढलं, कारण ते आता दुसऱ्या कागदावर होतं, आणि वसईच्या पोस्टातून संपादकांना रजिस्टर केलं. खिडकीतल्या बाईंनी पत्ता वाचून विचारलं, "नोकरीचा अर्ज का गं?" मी हो म्हणाले. समजावत बसण्याएवढी ताकद नव्हती.

संपादकांचं उत्तर आलं ते दोन परीक्षकांच्या मतांसह. एकाने तीन ओळींत लिहिलं होतं : बरोबर आहे, छापा. दुसऱ्याने पानभर लिहिलं होतं. त्यात एकाही प्रयोगाला हरकत नव्हती. लेखिकेचा सूर ज्येष्ठांबद्दल अनुचित आहे, आणि हेच निष्कर्ष मूळ लेखक स्वतः प्रसिद्ध करत आहेत, तेव्हा या टिपणाची गरज नाही, एवढंच. माझा सूर! मी ती दोन पानं पुन्हा पुन्हा वाचली, कुठे काही अनुचित सापडतंय का म्हणून. संपादकांनी सौम्यपणे तोडगा सुचवला होता : दोन्ही लिखाणं एकत्र करावीत, मूळ लेखक माझं नाव सहलेखक म्हणून घ्यायला तयार आहेत.

शेवटचं नाव. सरांच्याही मागे.

घरी मी हे आईला सांगितलं. ती अंगणात विड्याची पानं लावत होती, लहान-मोठी वेगळी करून. तिने सगळं ऐकून घेतलं.

"घेतायत ना नाव? मग हो म्हण. त्या सरांच्याच हाताखाली तुला तीन-चार वर्षं काढायचीत."

"आई, त्यात चुकीचं लिहिलंय."

"थोडंसंच ना?"

"मुद्दाच तो आहे. माझं नाव आलं, तर मीही तेच म्हटलं असं होईल."

"मग नाही म्हण. पण नाही म्हणून घरी येऊन रडू नकोस."

मी नाही म्हटलं. संपादकांना लिहिलं की हे पदार्थ आयसोमर नाहीत, आणि ते आयसोमर आहेत असं म्हणणाऱ्या कोणत्याही लिखाणावर मला नाव नको. माझं टिपण छापायचं नसेल तर तसं कारणासह कळवावं, आणि ते कारण प्रयोगाचं असावं, सुराचं नसावं. हे वाक्य मी पुन्हा वाचलं. खोडलं नाही.

दुसऱ्या परीक्षकाचं मत संपादकांनी बाजूला ठेवलं असावं. किंवा त्यांना प्रयोगाचं कारण सापडलं नसावं. टिपण छापून आलं. दोन पानांचं अर्ध्या पानावर आणलेलं, तेलात खललेल्या नमुन्याचा आलेख गाळलेला, पण निष्कर्ष शाबूत : गुलाबी पदार्थ आयसोमर नाही, त्यात पाण्याचे दोन रेणू आहेत. खाली माझं एकटीचं नाव. आणि लगेच पुढे मूळ लेखकांचं उत्तर, त्या हस्तलिखितातूनच काढलेलं, दीड पान, दोन आलेखांसह. तरुण लेखिकेच्या आस्थेबद्दल आभार. याच दिशेने आमचं काम आधीच चालू होतं. जलयुक्त आयसोमर ही संज्ञा व्यापक अर्थाने वापरली आहे. व्यापक अर्थाने! आयसोमरला व्यापक अर्थ असता, तर आम्ही बी.एस्सी.ला त्याची व्याख्या कशाला पाठ केली असती?

आईने अंक हातात घेतला. इंग्रजी वाचायला तिला वेळ लागतो, पण तिने माझं नाव शोधून काढलं आणि बोट ठेवलं. मग बोट पुढे सरकलं.

"हे एवढं मोठं कोणाचं?"

"त्यांचं. उत्तर."

"चूक त्यांची, आणि जागापण त्यांनाच जास्त?"

तिने अंक मिटला. "शिरा करते," म्हणाली, आणि आत गेली. आमच्या घरी निकाल लागला की शिरा होतो. तो मी खाल्ला, पण रागाने खाल्ला.

विभागात कुणी काही बोललं नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, माहिती म्हणून लिहिते. वाचनालयात तो अंक आला, शेल्फवर लागला. एखादा निबंध चुकला असं सांगणारं टिपण आपल्याच विभागातून गेलंय, त्यावर कुणी बसून चर्चा करील, निदान मला चुकीचं ठरवायला तरी येईल, अशी माझी भाबडी अपेक्षा होती. मैत्रीण तेवढी भांडली माझ्याशी, आलेख गाळू कसा दिलास म्हणून. ते भांडण मला हवं होतं. बाकीच्यांनी मला पाहून फक्त बाजूला व्हायला सुरुवात केली. माझ्या टेबलावर निबंध यायचे बंद झाले. सर माझा सहामाही अहवाल ड्रॉवरमध्ये ठेवत, आणि तो तिथेच राही. संयुगं बनवायला लागणारी रसायनं मागवली की ती यादीतून गळत.

नंतरच्या काळात मी शोधत राहिले. पहिल्या निबंधाचे दाखले येत राहिले, निळ्या-गुलाबी आयसोमरचं उदाहरण म्हणून. माझ्या अर्ध्या पानाचा दाखला क्वचित. एका लेखात दोन्हींचा होता, ओळीने, जणू दोन्ही एकच गोष्ट सांगतात. म्हणजे ते वाचलेही नव्हते. यादीतून यादीत उतरवले होते.

टिपण आलं ते वर्ष संपता संपता मी गाइड बदलायचं ठरवलं होतं. दुसऱ्या एका कॉलेजातल्या बाई मला घ्यायला तयार होत्या. त्यांनी माझं टिपण वाचलं होतं आणि पहिल्याच भेटीत त्यातल्या वजनांबद्दल मला असे उलटसुलट प्रश्न विचारले, की मला घाम फुटला. बाहेर पडल्यावर कळलं, मी किती दिवसांनी कुणाशी रसायनशास्त्र बोलले होते. पण बदलासाठी आधीच्या गाइडची सही लागते.

सरांनी अर्ज वाचला नाही. सही केली, शिक्का मारला, आणि कागद माझ्याकडे सरकवताना प्रथमच माझ्याकडे नीट बघितलं. ओव्हनपाशी हसले होते तो चेहरा कुठेतरी आत असावा, पण मला दिसला नाही.

"तुझं म्हणणं बरोबर होतं," ते हळूच म्हणाले. दार उघडं होतं, म्हणून हळूच. "पण जाऊ दे आता. मनात ठेवू नकोस."

"हे तुम्ही लिहून द्याल का, सर? बरोबर होतं हे?"

त्यांनी दाराकडे बघितलं.

"नाही ना," मी म्हणाले. "मग मनातच ठेवावं लागेल."

मी अर्ज उचलला आणि दार उघडंच ठेवून बाहेर आले.